इटलीला गेले नाही तर मी मागे पडेन का?

पत्र, थोडक्यात

पत्रलेखिका नागपूरच्या, चाळिशीच्या उंबरठ्यावर. इंटिरियर डिझायनर म्हणून स्वतःचं छोटं ऑफिस आहे. ड्रॉइंग करायला ऑफिसात दोन मुली आहेत, आणि तीनेक वर्षांपूर्वी साइटसाठी एक सुपरवायझर ठेवला. बेसा, मनीषनगर, वर्धा रोड इथल्या फ्लॅटची कामं भरपूर मिळतात. त्या लिहितात, ‘साइटवर आता तोच जातो, मी हँडओव्हरला, म्हणजे घर ताब्यात देताना, जाते. काम वाढलं, पण दोन-तीन वर्षांत नवीन असं काही सुचलंच नाही. क्लायंट फोनमध्ये फोटो घेऊन येतात, हुबेहूब असंच करा म्हणतात, आणि मी तेच थोडं फिरवून देते.’

कॉलेजच्या मैत्रिणी पुण्या-मुंबईत आहेत. कुणी बालीला जाऊन येते, कुणी क्योतोला, आणि त्यांच्या कामात ते दिसतं असं पत्रलेखिकेला वाटतं. त्यातल्या काही जणी एप्रिलमध्ये ग्रुपनं मिलानच्या फर्निचर प्रदर्शनाला निघाल्या आहेत. खर्च साडेतीन लाखांच्या घरात आहे. पैसे आहेत, पण ते मुलीच्या अकरावी-बारावीच्या क्लासेससाठी बाजूला ठेवलेले. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशनही त्याच सुमारास आहे. यजमान म्हणतात, ‘तू जा, मी बघतो.’ महिनाअखेरीस डिपॉझिट भरायचं आहे.

पत्रात ओघात आलेला एक मजकूर असा: ‘मागच्या मार्चमध्ये घरच्यांसोबत पेंचला गेलो होतो. वाघ दिसला नाही म्हणून सगळे नाराज. मी एका पांढऱ्या झाडाकडं बघत बसले होते. खूप दिवसांनी बरं वाटलं. पण ते काही कामाचं नाही.’ आणि शेवटी प्रश्न: ‘जाऊ की नको? न गेले तर मी मागे पडेन का?’

उत्तर

प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते, कारण डिपॉझिटची तारीख जवळ आली आहे. या एप्रिलला जाऊ नका. पुढं कधीच जाऊ नका असं माझं म्हणणं नाही, आणि ‘आधी संसार, मग हौस’ असलं काही ऐकवायलाही मी हे लिहीत नाही. पैसे तुम्ही कमावलेले आहेत, घरचे सांभाळून घ्यायला तयार आहेत. तुमच्या मनात खरंच इटली असती तर मी जा म्हटलं असतं. पण पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि त्यात इटली मला कुठं सापडली नाही. मिलानमध्ये काय बघायचं आहे, कुठल्या प्रकारचं काम समजून घ्यायचं आहे, यावर एक ओळ नाही. मैत्रिणी आहेत, त्यांचे फोटो आहेत, मागे पडण्याची भीती आहे. एवढ्या लांबच्या प्रवासाला ही शिदोरी पुरायची नाही.

ज्या जागेबद्दल तुम्ही आपणहून लिहिलंत ती पेंच. आणि लिहून लगेच ती खोडलीत: ‘पण ते काही कामाचं नाही.’ मला या वाक्याशीच बोलायचं आहे.

त्याआधी एक साधा हिशेब बघा. तीन वर्षांपूर्वीही तुम्ही बालीला जात नव्हतात, क्योतोला जात नव्हतात. तरी तेव्हा सुचत होतं. म्हणजे थांबलं ते प्रवासामुळं नाही. थांबलं काय, तेही तुमच्याच पत्रात आहे: सुपरवायझर आला आणि साइट सुटली. आता क्लायंटच्या फोटोवरून मूडबोर्ड, म्हणजे रंग-साहित्याच्या चित्रांचा फलक, होतो, मूडबोर्डवरून थ्रीडी, थ्रीडीवरून साइट. या साऱ्यात तुमचा हात कुठल्याच वस्तूला लागत नाही. ताज्या कापलेल्या प्लायचा वास नाही, दुपारी चारला हॉलमध्ये घुसणारं ऊन नाही, आणि मिस्त्री मान हलवत ‘मॅडम, हे इथं नाही बसणार’ म्हणतो तो क्षण नाही. माझ्या अनुभवात डिझाइन बहुतेक वेळा त्या ‘नाही बसणार’पाशीच सुचतं. कॉलम मध्ये आला, बीम खाली आला, ड्रेनेजचा पाइप सरकवता येईना, की डोकं कामाला लागतं. ती अडचण तुमच्या वाट्याला येईनाशी झाली आहे. ती सुपरवायझर परस्पर सोडवतो, आणि साहजिकच सगळ्यांत सोप्या मार्गानं सोडवतो.

सुपरवायझर काढून टाका असं नाही. ऑफिस मोठं झालं की माणसं लागतातच. पण आठवड्यातला एक पूर्ण दिवस साइटचा ठेवा, आणि तो हँडओव्हरच्या टप्प्यावरचा नको. फ्लॅट रिकामा असताना जा, सुतारकाम चालू असताना जा.

आता प्रवासाविषयी. तो मला अजिबात कमी लेखायचा नाही. जेफ्री बावा हे श्रीलंकेचे मोठे वास्तुकार, मूळचे वकील. तरुणपणी जग फिरले, आणि इटलीत गार्डा सरोवराकाठी घर घेऊन तिथंच स्थायिक व्हावं असं त्यांच्या मनात होतं. ते जमलं नाही. परत येऊन १९४८च्या सुमारास त्यांनी बेंटोटाजवळ रबराची एक जुनी बाग घेतली, तिचं नाव लुनुगंगा. इटलीतल्या बागांचं जे वेड घेऊन आले होते ते त्यांनी तिथल्या पावसात, तिथल्या झाडांत, तिथल्या तळ्याकाठी उतरवायला घेतलं. हे करायला आपल्याला शिक्षण कमी पडतंय हे लक्षात आल्यावर ते आर्किटेक्चर शिकायला गेले. वास्तुकार म्हणून पात्र झाले तेव्हा वय अडतीस होतं. त्या बागेवर मात्र ते पुढं जवळपास आयुष्यभर काम करत राहिले. प्रवासानं त्यांना भूक दिली. ती भागवण्याची जागा त्यांना स्वतःच्या देशातच सापडली, आणि तिथं त्यांनी दशकं घालवली.

उलट दिशेचंही एक उदाहरण आहे. १९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर दांपत्य आपल्याकडं हिंडलं. त्यांनी दिलेल्या अहवालातून पुढं १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. एवढा देश पाहून त्यांना सगळ्यांत सुंदर वाटलेली वस्तू होती लोटा. त्यांनी त्याला प्रश्न विचारले: किती पाणी मावावं, उचलणारा हात केवढा, तो डोक्यावर नेणार की कमरेवर, भरलेला असताना तोल कसा आणि रिकामा असताना कसा, धार कशी पडते, घासायला सोपा आहे का, धातूची किंमत किती. आपल्या स्वयंपाकघरातली रोजची वस्तू परक्या माणसानं इतक्या आदरानं पाहिली, कारण त्याला तिची सवय नव्हती. प्रवासाचा खरा लाभ तो हाच. सवय सुटते आणि प्रश्न सुचू लागतात.

तुमच्या मैत्रिणींना बालीत काही मिळत असेल तर ते तिथल्या दगडात किंवा बांबूत असण्यापेक्षा त्या आठवड्यात फोन वाजत नाही, कोटेशन मागत कुणी येत नाही आणि दिवसभर फक्त बघायचं असतं, यात जास्त असावं. ते पेंचमध्ये तुम्हालाही मिळालं. काही तास.

मिलानच्या प्रदर्शनाबद्दल थोडं सांगते, कारण ज्यांच्या मनात ते आहे अशा आणखी वाचकांनाही हे उपयोगी पडेल. ते १९६१ पासून भरतं आणि जगभरचे फर्निचर उत्पादक तिथं नवीन माल मांडतात. प्रकाशयोजना आणि स्वयंपाकघर यांची मोठी दालनं वर्षाआड असतात. तुम्ही स्वतः फर्निचर बनवत असाल, दिव्यांचा किंवा आयात मालाचा व्यवसाय करत असाल, तर तिथं जाणं गुंतवणूक आहे. तुमचं काम मात्र तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये जागा बसवण्याचं, आणि बजेट क्लायंटच्या गृहकर्जातून उरलेलं. तिथं पाहिलेली खुर्ची इथल्या इतवारीतल्या सुताराकडून तुम्ही करून घ्याल, ती दुरून तशी दिसेल, बसायला तशी होणार नाही. पुन्हा फोटोवरून नक्कलच. फरक एवढाच की या वेळी फोटो तुम्ही स्वतः काढलेला असेल.

म्हणून पेंचकडं येते.

निसर्गातून प्रेरणा म्हटलं की आपल्या धंद्यात पटकन हिरवा रंग येतो. प्लास्टिकच्या पानांची भिंत, जंगलाचा वॉलपेपर, मॉन्स्टेराचं एक पान छापलेला पडदा. आपलं जंगल असं नाही. नागपूरच्या भोवतालचं रान पानगळीचं आहे. वर्षातला निम्मा काळ ते हिरवं नसतंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर सागाची मोठाली पानं गळून खाली वाळत पडलेली दिसतील, ऐनाचे बुंधे काळपट, चौकोनी भेगांचे, बांबूची बेटं फिकट पिवळी. या सगळ्या राखाडी-तपकिरीत पळस पेटतो, आणि त्या वेळी त्याच्या अंगावर पान नसतं. कुसुमाची कोवळी पालवी लालभडक येते. तुम्ही पाहिलंत ते पांढरं झाड बहुधा कुल्लू असणार. गुळगुळीत फिकट खोड, कागदासारखे सुटणारे पापुद्रे, उन्हाळ्यात निष्पर्ण. गाइड मंडळी त्याला भुताचं झाडही म्हणतात.

आता त्याला लोट्याचे प्रश्न विचारा. तुमची नजर त्याच झाडावर का खिळली? भोवती सगळं गडद आणि खडबडीत, आणि मधे एकच फिकट, गुळगुळीत उभी रेघ. बाकीचं शांत होतं म्हणून ते दिसलं. हॉलमधली एक भिंत उठून दिसायला हवी असेल तर तिच्यावर फ्लुटेड पॅनल, त्यावर दगड, त्यावर पट्टीचा दिवा असं चढवत जाण्याची गरज नाही. उरलेल्या तीन भिंतींना गप्प बसवलं की साधा चुन्याचा गिलावासुद्धा बोलतो. आणि रंगाचं प्रमाण बघा. एवढ्या मोठ्या रानात लाल-केशरी किती? अगदी थोडा, आणि तोही काही आठवड्यांपुरता. मग दहा वर्षं टिकणाऱ्या लॅमिनेटवर आपण भडक रंग का लावतो? भडक रंग उशांच्या अभ्र्यांना, पडद्याला, चादरीला द्यावा, जे बदलता येतं त्याला. जंगलात पाहिलेलं झाड भिंतीवर चितारायचं नसतं, ते झाड डोळ्यांत का भरलं तो नियम घरी आणायचा असतो.

पुढच्या वेळी जाताना रंगाच्या कंपनीचं शेड कार्ड सोबत न्या. मी गंभीरपणे सांगते आहे. गेटबाहेरच्या एखाद्या बुंध्याला ते कार्ड लावून बघा, कुठला नंबर जुळतो तो वहीत लिहा. साल, वाळलेलं पान, माती, सावलीतली माती. ज्याला आपण ‘तपकिरी’ म्हणून एका डब्यात टाकतो त्यात करडा, जांभळट, हिरवट असे किती निघतात ते हातात कार्ड असल्याशिवाय कळत नाही. मात्र गोळा करून काही आणू नका. व्याघ्र प्रकल्पातलं पीस, शिंग, वठलेली फांदी, काहीही घरी आणणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, आणि ‘नैसर्गिक’ सजावट म्हणून क्लायंटकडं ते मांडणं तर नकोच नको.

आणि एक रात्र तिथं राहा. जानेवारी २०२४ मध्ये पेंचचा महाराष्ट्रातला भाग देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे उजेड खालीच पडेल असे बसवले गेले. अमावास्येच्या आसपास जा. आपल्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ फोन न उघडता बाहेर बसलात तर आधी न दिसणारी पायवाट दिसायला लागते, समोरच्याचा चेहरा दिसायला लागतो. प्रकाशयोजनेचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. आपण फ्लॅटमध्ये फॉल्स सिलिंग करतो, त्यात कोव्ह, स्पॉट, प्रोफाइल, पुन्हा टीव्हीमागे पट्टी; सगळे एकदम लावले की खोली दुकानासारखी उजळते आणि कशाकडंच बघावंसं वाटत नाही. दिवे कमी आणि खाली, माणूस जिथं बसतो तिथं उजेड, आणि खोलीचा एखादा कोपरा मुद्दाम अंधुक. एवढं त्या रात्रीतून तुमच्या पुढच्या कामात आलं तरी क्लायंटचं वीजबिल आणि डोळे दोन्ही वाचतील.

निसर्गाचा माणसावर परिणाम होतो हे आपल्याला वाटतं एवढंच नाही, मोजलेलंही आहे. रॉजर उलरिच या संशोधकानं १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. तुमच्या सासूबाईंचं ऑपरेशन होणार आहे. त्यांचा पलंग घरात कुठल्या खोलीत, कुठल्या बाजूला तोंड करून ठेवणार आहात? पलंगाची उंची किती, रात्री बाथरूमपर्यंतच्या वाटेवर उजेड कसा, वॉकर दारातून निघतो का, हाताला धरायला काय आहे? हे तुमच्याच घरातलं काम आहे आणि ते उत्तम व्हावं असं मला मनापासून वाटतं. नागपुरात एकट्या राहणाऱ्या, मुलं पुण्या-बंगळुरूला असलेल्या ज्येष्ठांची घरं वाढत आहेत. त्यांच्यासाठी विचार करणारे डिझायनर थोडे आहेत. कदाचित तुमचं पुढचं काम इथूनच सुरू होईल.

निसर्ग म्हणजे जंगलच असं मात्र धरू नका. आपल्याकडं निसर्गाचं सर्वांत ठळक रूप म्हणजे मे महिना. पारा ४५च्या पुढं जातो, आणि त्या गावात आपण पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच लावतो, कारण फोटोत तशी असते. मग ब्लॅकआउट पडदे लावून दिवसभर ट्यूबलाइट. महाल भागातले जुने वाडे बघून या: जाड भिंती, आत चौक, वर कवेलू म्हणजे कौलं, रस्त्याकडं लहान खिडक्या. वाळ्याची ताटी भिजवली की गार वारा का येतो? कोरडी झळ ओल्या मुळांतून जाताना पाणी वाफ होतं आणि हवेतली उष्णता घेऊन जातं. विदर्भाचा उन्हाळा कोरडा आहे म्हणून हे जमतं. जुलैत हवा दमट झाली की त्याच तत्त्वावर चालणारा कूलर नुसता चिकचिकाट करतो. वाड्याची नक्कल नऊशे स्क्वेअर फुटांत होणार नाही, पण पश्चिमेच्या काचेबाहेर जाळी, बांबूचा तट्ट्या किंवा आडव्या पट्ट्या लावता येतात. ऊन काचेच्या आत आल्यावर पडद्यानं अडवण्यापेक्षा बाहेरच अडवणं केव्हाही जास्त गार. मेमध्ये संध्याकाळी पाच वाजता प्रत्येक साइटच्या पश्चिम भिंतीला आतून हात लावून बघा. वॉर्डरोब कुठं न्यायचा आणि पलंगाचं डोकं कुठं नको, ते तो हातच सांगेल.

एका दिवसाच्या टप्प्यात सेवाग्रामही आहे. गांधीजी तिथं १९३६ मध्ये राहायला आले. बापू कुटी मूळची मीराबेननं स्वतःसाठी बांधलेली. माती, बांबू, कवेलू. आतल्या मातीच्या भिंतीवर तिनं उठावात झाडं काढली आहेत, ती जवळून बघा: रंग नाही, फक्त मातीवर माती, आणि तिरकं ऊन पडलं की चित्र उभं राहतं. टेप घेऊन जा. दार, खिडकीचा उंबरा, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची पातळी यांची मापं अंदाजानं का होईना, वहीत घ्या. खाली बसणाऱ्यासाठी केलेल्या खोलीत छत आपोआप उंच वाटतं, हे तिथं बसल्यावर समजतं. पण सारवलेली भिंत फ्लॅटमध्ये आणायच्या भानगडीत पडू नका. तिला सतत हात फिरवावा लागतो, आणि नोकरी करणारं जोडपं तो फिरवणार नाही. साधेपणा सांभाळायलाही माणूस लागतो, हे क्लायंटला आधी सांगणं आपलं काम.

परत शहरात दीक्षाभूमीचा स्तूप. सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची. २००१ मध्ये खुला झालेला आपला स्तूप आतून पोकळ आहे, कारण इथं येणाऱ्या माणसांना आत एकत्र बसायचं आहे. जुना आकार घेतला आणि गरजेनुसार त्याचं पोट उघडलं. प्रेरणा घेणं आणि नक्कल करणं यातला फरक मला विद्यार्थ्यांना समजवायचा असतो तेव्हा मी त्यांना तिथंच नेते.

अमरावती, अकोला, चंद्रपूर, भंडारा इथून मला अशीच पत्रं येतात, त्यांनाही माझं हेच सांगणं: एकच जागा निवडा आणि तिथं वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा जा. दहा ठिकाणी एकेकदा जाण्यानं फोटो वाढतात. एका तळ्याकाठी, एका टेकडीवर, एका जुन्या बाजारात उन्हाळा, पावसाळा, थंडी असं गेलात की बदल दिसू लागतो. पहिला तासभर फोन पिशवीत. चित्र चांगलं येत नसेल तरी हातानं काढा. हात चालला की डोळा थांबतो. आणि प्रत्येक नोंदीत एक तरी माप किंवा वेळ लिहा. ‘सुंदर प्रकाश’ यातून सहा महिन्यांनी काहीच हाती लागत नाही. ‘साडेचार, पश्चिम, जाळीच्या भोकाएवढ्या कवडशांची रांग, दोन फूट आत’ यातून लागतं.

आता क्लायंटच्या फोटोंचं. त्यांच्यावर रागावू नका. स्वतःचं पहिलं घर सजवणाऱ्या माणसाकडं आपल्याला काय हवं ते सांगायला शब्द नसतात, म्हणून तो फोटो दाखवतो. त्याला विचारा: यातलं नेमकं काय आवडलं, बोट ठेवा. बऱ्याचदा बोट पॅनलवर नसतं, खिडकीतून आलेल्या उजेडावर असतं, किंवा खोलीत पसारा नाही यावर. पसारा नको असेल तर त्याला स्टोअरेज हवं आहे, जपानी स्टाइल नको. मीटिंग ऑफिसच्या एसीत घेण्याऐवजी त्यांच्याच रिकाम्या हॉलमध्ये दुपारी घ्या आणि नमुने तिथल्या उजेडात दाखवा. आणि दर कामात एक जागा स्वतःसाठी मागून घ्या: देवघराची जाळी, जेवणाच्या टेबलावरचा दिवा, एक बाक. ‘बाकी तुमच्या फोटोसारखं करते, एवढं माझ्यावर सोडा,’ असं सरळ म्हटलं की बहुतेक लोक हो म्हणतात. त्या एका जागेत चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या बांबू प्रशिक्षण केंद्रात शिकलेल्या कारागिराचं बांबूकाम येऊ शकतं, भंडाऱ्याचं पितळ येऊ शकतं, करवतकाठी कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, तुकडा येऊ शकतो. फक्त मालाची प्रकृती ओळखून वापरा. प्रक्रिया न केलेला बांबू किडा पोखरतो, तेव्हा बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया झाली आहे का ते विचारून घ्या. कोसा थेट उन्हात विरतो, त्याला पश्चिमेच्या खिडकीपासून लांब ठेवा. कारागिराकडं तयार वस्तू घ्यायला जाऊ नका, त्याच्या शेजारी बसायला जा. त्याला काय सोपं जातं आणि काय करायला आवडतं ते बघून मग चित्र काढा. आणि त्याच्या भावात घासाघीस करू नका. सनमायक्याच्या बिलात आपण करत नाही.

एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. तुम्हाला सुचत नाही आहे की तुम्ही थकल्या आहात? पत्रावरून मला दुसरंही वाटतं. ऑफिस, दहावीतली मुलगी, सासूबाई, महिन्याचे पगार. थकलेल्या माणसाला काय बघू, काय टिपू असं करत हिंडायला लावणं म्हणजे त्याला आणखी एक काम देणं. तसं असेल तर चार दिवस चिखलदऱ्याला जा, वही नेऊ नका, झोपा. त्याला प्रेरणेचा प्रवास म्हणू नका, आणि त्याबद्दल कुणाला स्पष्टीकरणही देऊ नका. विश्रांतीनंतरही महिनोन्‌महिने कशातच मन लागत नसेल, झोप जात असेल, तर डॉक्टरांशी बोला. ते डिझाइनचं दुखणं नाही.

मैत्रिणींना सरळ सांगा, ‘या वर्षी नाही.’ कारणांची यादी नको. त्यांच्याकडून परत आल्यावर एक गोष्ट मात्र मागा: कॅटलॉग नको, पाहिलेल्या एखाद्या सांध्याचं, बिजागरीचं जवळून काढलेलं चित्र. साडेतीन लाखांना हात लावू नका. या वर्षी ऑफिसच्या खर्चात दोन रकमा धरा: साइटच्या दिवशी तुमचं ऑफिसातलं काम निपटणाऱ्या व्यक्तीचा जादा पगार, आणि बाहेर फिरण्याचा छोटा, दर तिमाहीचा खर्च. तो नफ्यातून उरला तर करायचा असा नको. प्लॉटर-प्रिंटरच्या खर्चासारखा तो बजेटमध्ये आधीच लिहा. तिमाहीत एकदा ड्रॉइंगच्या दोन्ही मुलींनाही सोबत न्या; वर्षानुवर्षं स्क्रीनवर बसून त्यांचंही उद्या असंच पत्र येईल.

वर्षभराच्या नोंदी झाल्या की त्या सलग वाचा. एखादा प्रश्न त्यात वारंवार आलेला असेल. तुमचा तो उन्हाचा असू शकतो, म्हाताऱ्या माणसांच्या घराचा, लाकडाच्या सांध्यांचा. मग त्या प्रश्नाच्या मागे लांब जा. प्रश्न उन्हाचा आणि सावलीचा असेल तर लुनुगंगा बघायला खुली आहे, राहताही येतं, आणि श्रीलंका इटलीच्या मानानं कितीतरी स्वस्त. लाकडाचा असेल तर जपान. फर्निचर स्वतः बनवायचं ठरवलंत तर मिलान, आणि तेव्हा ग्रुपच्या गाडीत बसून न जाता कुठल्या स्टॉलवर कोणाला काय विचारायचं ते लिहून घेऊन.

तूर्त पळस फुलायला वेळ आहे. पेंचचं सिल्लारी गेट नागपूरहून दीड-दोन तासांवर आहे, सफारीचं बुकिंग ऑनलाइन होतं आणि शनिवार-रविवार लवकर भरतात, तेव्हा फेब्रुवारीअखेरचा मधला वार बघा. जिप्सीत बसताना गाइडला आधीच सांगा की वाघामागे पळायचं नाही, झाडांजवळ थांबायचं आहे. त्यांना झाडं उत्तम माहीत असतात. विचारणारी माणसं कमी भेटतात.